जिनिंगचं सागवान आणि बिअरचं कपाट

माझ्या हातचं सगळ्यात चांगलं काम कुठं बघायला मिळेल, असं गिऱ्हाइकानं विचारलं की मी विषय बदलतो. दुकानात फोटोंची एक जाडजूड फाईल आहे. त्यात दिवाण आहेत, दारं आहेत, पतसंस्थेचं काउंटर आहे, एका डॉक्टरांच्या दवाखान्यातली आख्खी लाकडी भिंत आहे. ते एक काम मात्र त्यात नाही. ते परभणीहून झरीकडं जाताना लागणाऱ्या एका फार्महाऊसवर उभं आहे. बिअर गार करायच्या फ्रीजभोवती बसवलेलं सागवानी कपाट आहे ते.

ह्या अंकासाठी धंद्यातले अनुभव लिहून द्या, असा निरोप आला तेव्हा मी गमतीचे दोन-चार किस्से मनात जुळवले होते. लिहायला बसलो आणि हात दुसरीकडंच गेला. ओल्या लाकडावर रंधा मारताना होतं तसं. आपण सरळ जातो आणि पातं लाकडाच्या नसेमागं पळतं.

आधी माझी ओळख. मी बी.ए. आहे, अर्थशास्त्र घेऊन. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मीच. वडील जिनिंगमध्ये हमाल होते, कापसाच्या गाठी वाहायचे. मी साहेब व्हावं ही त्यांची इच्छा. परीक्षा दिल्या, मुलाखती दिल्या, साहेब काही झालो नाही. मग आयटीआयला सुतारकामाला नाव घातलं. आमच्या बौद्धवाड्यात सुतारकी कुणी केलेली नव्हती. लोक म्हणायचे, "एवढं शिकून वाघमाऱ्याचं पोरगं सुतारकी करायलंय." मी म्हणायचो, सुतारकी करायलोय खरी, पण शिकून करायलोय. हे वाक्य मला फार आवडायचं. पुढं ते माझ्यावरच उलटलं, ते सांगतोच.

सुरुवातीला सोनपेठच्या एका मालकानं देवघरासाठी बोलावलं. माप घेतलं, चहा झाला, नक्षी ठरली. निघताना त्यांनी आडनाव विचारलं. मी सांगितलं. आठ दिवसांनी निरोप आला की देवघर पाहुण्यातल्या एका मिस्त्रीला दिलंय, तुम्ही न्हाणीघराचं दार करा. मी केलं. ते दार अजून फुगलेलं नाही. देवघराचं काय झालं मला माहीत नाही. त्या मालकावर मी मनातल्या मनात पुष्कळ वर्षं रागावून घेतलं आणि त्या रागानं मला बळच दिलं. रागवायला समोर माणूस असणं हेही एक सुख असतं, हे तेव्हा कळलं नव्हतं.

आमच्या वस्तीतलं विहार पत्र्याचं होतं. दर रविवारी तिथं पोरांना धम्म शिकवायचं काम, शिकलेला म्हणून, माझ्याकडं. अलीकडं लोकांनी वर्गणी करून स्लॅब टाकला, आत फरशी बसवली. नवी मूर्ती यायची ठरली. मूर्तीखालचं आसन मी करीन, लाकडासकट माझ्याकडून, असं मी बैठकीत उभं राहून सांगितलं. टाळ्या पडल्या. ज्या हाताला देवघर मिळालं नाही त्या हातानं बुद्धाचं आसन करायचं, एवढंच डोक्यात होतं. आयुष्यात एक काम असं असावं की ज्याच्यापुढं लोक हात जोडतील आणि खाली आपला सांधा असेल. फक्त सागवान मनासारखं हवं होतं. आज बाजारात सागवान म्हणून जे मिळतं ते कोवळं, पांढरं, घाईनं वाढवलेलं. त्याचं आसन करायला जीव होत नव्हता.

अशा वेळी निखिल आला. ज्या जिनिंगमध्ये माझे वडील राबले तिथल्या मालकांचा हा नातू. बाहेर शिकलेला, पुण्यात नोकरी केलेला, आता फार्महाऊस सांभाळायला परतलेला. वयानं माझ्या मुलाएवढा. मला "काका" म्हणायचा. त्यानं मोबाईलवर त्याची करामत दाखवली. आइस्क्रीमवाल्यांकडं झाकण वर उघडणारी पेटी असते तसला जुना डीप फ्रीजर त्यानं घेतला होता. झाकण काढून मध्ये लाकडाची एक चौकट टाकली होती, चौकटीला नळ बसवले होते. आत बिअरचं स्टीलचं पिंप आणि बिअर नळापर्यंत ढकलायला गॅसची छोटी टाकी. बर्फ होऊ नये म्हणून गारवा सांभाळणारं एक यंत्र बाहेर जोडलं होतं. पिंप ओळखीच्या ठिकाणाहून यायचं. नळ ओढला की हॉटेलात येते तशी थंड बिअर ग्लासात.

पोरगं हुशार होतं, कबूल करतो. नळाची भोकं सरळ पाडली होती. पण फ्रीजर दिसायला फ्रीजरच. पांढरा पत्रा, कोपऱ्याला गंज, बाजूला आइस्क्रीमच्या चित्राचा अर्धा निघालेला कागद. "काका, ह्याला असं लाकूड लावा की बघणारा म्हणला पाहिजे, ही वस्तू इंग्लंडहून आली," तो म्हणाला.

मी विचारलं, लाकूड कोणतं? त्यानं शेडमध्ये नेलं. तिथं जिनिंगच्या छताच्या तुळया रचून ठेवल्या होत्या. इमारत पाडली तेव्हा काढलेल्या. बर्मा सागवान, निजामाच्या काळातलं. वरून काळंकुट्ट, खिळ्यांच्या भोकांभोवती लोखंडाचे डाग. मी खिशातला चाकू काढून कोपरा तासला. आतून मधासारखा रंग आणि तो तेलकट वास. ह्याच तुळयांखालून वडील गाठी घेऊन जायचे. त्यांच्या छातीत कापसाची धूळ भरली ती ह्याच छताखाली. मी निखिलला यातलं काही सांगितलं नाही. एवढंच म्हणालो, मजुरी निम्मी द्या, उरलेलं लाकूड मला द्या. तो लगेच हो म्हणाला. त्याच्या दृष्टीनं ते जळणच होतं.

घरी विमलला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगितलं की जिनिंगवाल्यांच्या नातवाकडं फ्रीजचं कपाट करायचंय आणि त्या बदल्यात आसनाचं लाकूड मिळतंय. ती खूश झाली. फ्रीज कशाचा ते तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आमच्या धंद्यात एक नियम आहे: कपाटात काय ठेवणार, हे सुतारानं विचारू नये. सोनाराची तिजोरी असो नाहीतर वकिलाच्या टेबलाचा चोरखण, आपण माप घ्यायचं, कडी लावायची, निघायचं. ह्या नियमावर मी आयुष्य काढलं होतं.

विमलविषयी दोन शब्द सांगायला हवेत. आमच्या वस्तीच्या तोंडाशी देशी दारूचं दुकान होतं. तिचा धाकटा भाऊ त्या दुकानानं खाल्ला. त्यानंतर तिनं बायका गोळा केल्या. आपल्याकडं बायकांना मत देऊन असलं दुकान बंद करता येतं. चिठ्ठीवर दोन बाटल्या असतात, उभी आणि आडवी. उभी म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. विमल दारोदार फिरली, नवऱ्यांच्या शिव्या खाल्ल्या, एकीच्या नवऱ्यानं तर हिच्या अंगावर बादलीभर पाणी फेकलं. बाटली आडवी झाली. तेव्हापासून वस्तीत तिचं नाव आहे. माझी ओळखसुद्धा पुष्कळदा "विमलबाईंचे मिस्टर" अशीच होते, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही.

आता कामाचं. बाहेरच्या माणसाला वाटतं, फ्रीजला फळ्या चिकटवायच्या, झालं. तसं केलं तर महिन्याच्या आत फ्रीज मरतो. फ्रीज थंडी तयार करत नाही, आतली गरमी उचलून बाहेर टाकतो. घरच्या जुन्या फ्रीजला ती गरमी टाकायला पाठीमागं काळी जाळी असायची. ह्या पेटीत ती नळी पत्र्याच्या आतून, चारी बाजूंच्या भिंतींतून फिरवलेली असते. चालू पेटीला बाहेरून हात लावून बघा, कोमट लागते. म्हणजे एक तर तिला स्क्रू मारायचा नाही, नळी फुटली की खेळ खलास. आणि दुसरं, लाकूड अंगाला टेकवायचं नाही. माणसाला मे महिन्यात रजई पांघरल्यासारखं होईल.

म्हणून मी फ्रीजला हातच लावला नाही. त्याच्याभोवती स्वतःच्या पायांवर उभी राहणारी चौकट केली, मध्ये चार बोटं जागा सोडली. खाली, फरशीलगत, हवा आत यायला लांब फटी आणि वर झाकणाखाली हवा बाहेर जायला फटी. फ्रीजचं मुख्य यंत्र, कॉम्प्रेसर, ज्या बाजूला असतं तिकडं अख्खी जाळी. फटींतून झुरळं जातील म्हणून निखिलनं तक्रार केली, तर आतून बारीक तारेची जाळी ठोकून दिली आणि बजावलं, "ह्या फटी म्हणजे याचं नाक हाय. नाक दाबायचं न्हाई."

फळ्यांचं सांगायला बसलो तर अंक पुरणार नाही. एका तुळईच्या पोटातून लागोपाठ पट्ट्या काढल्या आणि ज्या क्रमानं निघाल्या त्याच क्रमानं लावल्या. त्यामुळं लाकडाची रेघ समोरून सुरू होते, कोपऱ्यावर वळते, बाजूनं जाते, पुन्हा वळते, आणि चारी बाजू फिरून जिथनं निघाली तिथं जवळजवळ येऊन मिळते. कोपरा पंचेचाळीसचा, सांध्यात नख जाणार नाही असा. खिळ्यांचे काळे डाग मी मुद्दाम ठेवले. पॉलिश लाखेचं, जुन्या पद्धतीनं, कापडाच्या बोळ्यानं. एक हात मारायचा, वाळू द्यायचं, घासायचं, परत मारायचं. एवढा धीर आजकाल कुठलं गिऱ्हाईक धरत नाही. निखिलनं धरला. त्याला घाई नव्हती. सावकाश काम करू देणारं गिऱ्हाईक मला आयुष्यात एकदाच मिळालं, आणि ते बिअरसाठी मिळालं.

तो शेजारी उभा राहून मोबाईलवर चित्रण करायचा. मधूनच माझ्या हातातला रंधा घ्यायचा, दोन फेरे मारायचा, तेवढं चित्रण त्याचा मित्र करायचा. मला त्याची मौज वाटायची. माझ्या बापानं मला हातानं काम करावं लागू नये म्हणून पाठ मोडून घेतली, आणि ह्याला हातानं काम केलेलं दिसावं अशी हौस. पोरगं वाईट नव्हतं. जेवताना मला शेजारी बसवायचं, ताट त्याच्यासारखंच असायचं.

कपाट पूर्ण झालं त्या दिवशी मी त्याच्यापासून लांब जाऊन बसलो आणि नुसता बघत राहिलो. चौकट बसवली की मिस्त्रीला टॉवेल-टोपी-नारळ द्यायची आपल्याकडं रीत आहे. बिअरच्या कपाटाला कोण टॉवेल-टोपी देणार? माझंच मला हसू आलं.

रविवारी दुपारी निखिलनं मित्रमंडळींना बोलावलं. मलाही सांगितलं, "काका, तुम्ही पण या, शेवटचा हात मारायचा राहिला असेल तर." मी इस्त्रीचा शर्ट घातला आणि पिशवीत मेणाचं फडकं, पटाशी घेतली. ऊन मरणाचं होतं. डॉक्टर, वकील, बियाण्याचे व्यापारी, नांदेडचे एक हॉटेलवाले, असे पंधरा-वीस जण. कपाटावरचं कापड काढलं आणि सगळे एकदम गप्प झाले. ती शांतता माझी होती. हॉटेलवाले जवळ गेले, कोपऱ्यावर बोट फिरवलं आणि विचारलं, हे कुठून मागवलं?

"मागवलं नाही," निखिल म्हणाला, "घरी केलंय. सगळं स्वतः."

"लाकूडकामपण?"

"सगळं."

मी खांबाजवळ फडकं घेऊन उभा होतो. वाचणाऱ्याला वाटेल, मला राग आला असेल. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. परभणी केवढी? इथली गोष्ट संध्याकाळी वस्तीत पोचते. आडवी बाटली करणाऱ्या बाईच्या नवऱ्यानं बिअरचं कपाट केलं, हे पोचण्यापेक्षा निखिलनं केलं हे पोचलेलं बरं. त्याला नाव मिळो, मला लाकूड मिळो, बुद्धाला आसन मिळो. असा मी मनातल्या मनात सौदा केला. आपलं काम आपल्यासमोर दुसऱ्यानं आपलं म्हणावं आणि आपल्याला बरं वाटावं, ही वेळ दुश्मनावरही येऊ नये.

मग त्यानं नळ ओढला. ग्लासात फेस आला. थोडा वेळ थांबून पुन्हा ओढला, पुन्हा फेस. चार ग्लास भरले, चारही पांढरे. एक वकील म्हणाले, "निखिल, बिअर हाय का दाढीचं सामान?" सगळे हसले. दोघं-तिघं मोबाईल धरून उभे होतेच. निखिलचं तोंड उतरलं. त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि त्याची नजर माझ्यावर येऊन थांबली.

"मिस्त्री, काय करून ठेवलंय हे?"

काकाचा मिस्त्री झाला. कुणीतरी विचारलं, हे कोण? "वाघमारे मिस्त्री," तो म्हणाला. "लाकूडकाम ह्यांचंच आहे. सगळं बंद करून टाकलंय ह्यांनी, फ्रीजला हवाच नाही."

एवढा वेळ नसलेलं नाव मला असं मिळालं.

मी जाऊन फळीला हात लावला. तव्यासारखी तापली होती. खाली वाकून बघितलं तर माझ्या फटी नव्हत्या. त्यावर माझ्याच उरलेल्या सागवानाच्या पट्ट्या नीटनेटक्या चिकटवलेल्या होत्या. यंत्राकडची जाळीसुद्धा फळीनं झाकलेली. तारेची जाळी फोटोत बरी दिसत नाही म्हणून आदल्या दिवशी निखिलनं ह्या कपाटावर स्वतःच्या हातानं केलेलं तेवढं एकच काम. नाक दाबल्यावर यंत्र तापून बंद पडलं होतं, पिंप कोमट झालं होतं, आणि कोमट बिअरचा फेसच होतो.

मी पटाशीनं पट्ट्या काढल्या. आतून भट्टीसारखी हवा पायांवर आली. मी निखिलकडं बघितलं, तो दुसरीकडं बघत होता. चारचौघांत त्याला उघडं पाडावं असं मला वाटलं नाही. ते मोठेपण नव्हतं. जे काम माझं म्हणून सांगायचीच भीती, त्याची बाजू घेऊन भांडणार तरी कसं? मी एवढंच म्हणालो, "आता संध्याकाळपर्यंत गार होईल." संध्याकाळपर्यंत कोण थांबतं? बर्फाच्या टपात बाटल्या आल्या, लोक झाडाखाली गेले. मी पिशवी उचलून निघालो. तिथल्या राखणदारानं मागाहून सांगितलं, अंधार पडताना नळातनं एक नंबर बिअर येत होती. बघायला तो एकटाच होता.

निखिलनं शब्द मात्र पाळला. दुसऱ्या दिवशी टेम्पोनं लाकूड पाठवलं, ठरल्यापेक्षा जास्तच. माझं दुकान विहाराच्या समोर. टेम्पो रिकामा होताना लोक जमले. त्यात संभाआबा होते, वडिलांबरोबर जिनिंगला असलेले, आता डोळ्यांनी अधू. त्यांनी तुळईवरून हात फिरवला, वाकून वास घेतला.

"जिनिंगचं हाय की रे हे," ते म्हणाले. "तुझा बाप आन् मी ह्याच्याखाली उन्हाळं काढलं. आता ह्याच्यावर बुद्ध बसंल व्हय?"

मी हो म्हणालो. त्या दुपारी मी जेवढा सुखात होतो तेवढा पुन्हा झालो नाही.

संध्याकाळी व्हिडिओ आला. कुणाच्या तरी मोबाईलवरून कुणाच्या तरी, तिथून वस्तीतल्या ग्रुपवर. चार ग्लास फेस, दाढीचा विनोद, आणि निखिलचा स्वच्छ आवाज: "वाघमारे मिस्त्री. लाकूडकाम ह्यांचंच आहे." मागं मी, इस्त्रीच्या शर्टात, हातात फडकं. विमलनं तो महिला मंडळाच्या बायकांमध्ये बसून बघितला. घरी आली, भाकरी केल्या, मला वाढलं. मीच सांगायला लागलो तर म्हणाली, "रविवारी विहारात बोलू."

रविवारी वंदना झाल्यावर बैठक बसली. आसनाचा विषय निघाला आणि सगळे खाली बघायला लागले. खाली बघणाऱ्यांत असेही काही होते जे दुकान बंद झाल्यापासून प्यायला स्टँडापर्यंत चालत जातात. त्यांची नावं मी तेव्हा घेतली नाहीत, आत्ताही घेणार नाही. संभाआबा माझ्या बाजूनं उठले. म्हणाले, लाकडाला काय दारू लागती का? लाकूड ते लाकूड. आमच्या घामाचं लाकूड हाय ते. दोघातिघांनी माना हलवल्या. मला वाटलं, जमलं.

मग विमल उठली. माझ्याकडं तिनं बघितलं नाही.

"लाकूड चांगलंच हाय," ती म्हणाली. "आबा म्हणत्यात तसं आपल्या माणसांच्या घामाचं बी हाय. पण ते आपल्याला कशाच्या बदल्यात मिळालं? दारूचं घर सजवलं म्हणून मिळालं. इथं दर रविवारी पोरांना सम्यक आजीविका कोण शिकवतंय? हेच शिकवत्यात. इष, हत्यार, दारू, असल्या धंद्यात हात घालायचा न्हाई म्हणून. मंग उद्या पोरांनी इचारलं, बुद्धाला कशावर बसवलंय, तर काय सांगायचं आपण?"

मला राहवलं नाही. मी म्हणालो, "कपाटात काय ठेवायचं हे सुतार इचारत नसतोय, विमल."

"सुतार इचारत नसंल," ती म्हणाली. "शिकलेल्या माणसानं इचारावं."

बैठक तिथंच संपली. पुढं झालं ते नुसतं कामकाज. आसन ग्रॅनाइटचं करायचं ठरलं, फरशीवाल्याला सांगितलं, त्यानं दोन दिवसांत चौथरा बांधून दिला. मूर्ती आली, बसली, सुंदर दिसते. मी रोज दुकान उघडताना समोर बघतो. सोनपेठच्या मालकानं मला नाकारलं तेव्हा चूक त्याची होती, मी ताठ मानेनं न्हाणीघराचं दार केलं. इथं मात्र चूक काढायला गेलो तर सापडत नाही. विमलचं बरोबर होतं. आबांचंही बरोबर होतं. आणि मी काय चोरी केली होती, हेही मला अजून कळलेलं नाही. असल्या गोष्टीत राग जायला जागा शोधतो आणि शेवटी आपल्याच छातीत भरून राहतो.

नांदेडचे हॉटेलवाले पुढं दुकानात येऊन गेले. त्यांनी तो कोपरा बरोबर ओळखला होता. निखिलचा हात नाही हे त्यांना तिथंच कळलं होतं म्हणे. परमिट रूमचं आख्खं काउंटर त्याच लाकडात करून द्या, लाकडाचा भाव तुम्ही सांगा, असं म्हणाले. मी नाही म्हणालो. तत्त्वासाठी म्हणालो की विमलच्या भीतीनं, ते ठरवता येत नाही.

बैठकीच्या त्या दिवशी घरी आल्यावर विमलनं चहा ठेवला आणि हात पुढं केला.

"तो व्हिडिओ दाखवा."

"पाहिलास की."

"फेस पाहिला. कपाट कुठं पाहिलं?"

मी मोबाईल दिला. तिनं बोटानं चित्र थांबवलं, मोठं केलं, चष्मा लावून कितीतरी वेळ बघत राहिली. चहा उकळून उतू जायला लागला तरी बघत होती.

"जोड कुठं हाय?"

"दिसत न्हाई."

"आन् हे सगळं एकट्यानं केलं तुमी?"

"एकट्यानं."

तिनं मोबाईल ओट्यावरच्या कपाटावर ठेवला. ते कपाट मी लग्नानंतर केलेलं, एका शाळेच्या कामातून उरलेल्या प्लायचं. कडेची पट्टी निघालीय, दार बंद राहावं म्हणून मध्ये फडक्याची घडी कोंबलेली असते.

"घरात असं कधी केलं न्हाईत," ती म्हणाली, आणि गॅस बारीक केला.

लाकूड अजून दुकानात पत्र्याखाली रचलेलं आहे. पावसाळ्याआधी मी म्हणून बघितलं, ह्यातनं स्वयंपाकघराचं कपाट करतो, तुझ्या मापानं, सावकाश. ती म्हणाली, ते लाकूड घरात नको. मागल्या आठवड्यात प्लायचं दार बिजागरीतून निखळलं. मी बाजारातनं नवीन प्लाय आणलं, मापाला कापून घेतलं. ते भिंतीला टेकवून ठेवलंय. हात लावायला होत नाही.